कार्यालयीन कागदपत्रांसाठी डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर कसं निवडावं

डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की विक्रेत्याचा माणूस येतो, स्क्रीनवर एक करार उघडतो, बोटाने सही गिरवतो आणि अर्ध्या मिनिटात कागद पूर्ण झाल्याची हिरवी खूण दाखवतो. बघणाऱ्यांना ते आवडतं आणि बोलणं लगेच वर्गणीवर येतं. माझं म्हणणं असं, की त्या स्क्रीनवरून निवड करूच नये. सही झाल्यावर जी फाइल तुमच्या हातात येते, तिच्यावरून करावी. उद्या वाद झाला, सही करणारा माणूस नोकरी सोडून गेला किंवा ती सेवा देणारी कंपनीच बंद पडली, तर ती फाइल एकटी सांगू शकते का, की सही कोणाची, कधीची आणि त्यानंतर मजकुराला कोणी हात लावलाय का? खालच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नासाठी आहेत.

पहिली पायरी: कोणत्या कागदांवर सही हवी, ते लिहून काढा

सॉफ्टवेअरची तुलना सुरू करण्याआधी आपल्याकडे कोणकोणत्या कागदांवर सह्या होतात त्यांची यादी करा आणि प्रत्येकासमोर दोन गोष्टी लिहा: या सहीला कोणी आव्हान देण्याची शक्यता किती, आणि हा कागद शेवटी कोण तपासणार. रजेचा अर्ज, धोरण वाचल्याची पोच, खात्याअंतर्गत मंजुरी यांच्यावरून सहसा कोणी कोर्टात जात नाही. नेमणुकीचं पत्र, गोपनीयतेचा करार, पुरवठादाराशी केलेला करार यांच्यावरून जाऊ शकतं. कर्जाचे, मालमत्तेचे आणि संचालक मंडळाच्या ठरावांचे कागद तिसऱ्याच गटात मोडतात. तिथे सही कशी असावी हे तुम्ही ठरवत नाही. बँक, नोंदणी कार्यालय किंवा सरकारी पोर्टल ठरवतं.

कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे. युरोपीय संघाचा ईआयडीएएस हा नियम १ जुलै २०१६ पासून लागू झाला. त्यात साधी, प्रगत आणि पात्र अशा सहीच्या तीन पातळ्या आहेत. हाताने केलेल्या सहीच्या बरोबरीचा दर्जा आपोआप मिळतो तो फक्त पात्र सहीला, म्हणजे मान्यताप्राप्त संस्थेच्या प्रमाणपत्रावर आणि सुरक्षित यंत्रातून केलेल्या सहीला. मात्र सही इलेक्ट्रॉनिक आहे एवढ्याच कारणावरून बाकीच्या दोन्हीही पुरावा म्हणून नाकारता येत नाहीत. अमेरिकेच्या २००० सालच्या ई-साइन कायद्याने कोणत्याही एका तंत्राचा आग्रह धरलेला नाही. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने, तोही २००० सालचाच, कलम ३ मध्ये हॅश (फाइलवरून काढलेली छोटी ओळख-संख्या) आणि कळजोडी (एकमेकींशी जोडलेल्या दोन मोठ्या संख्या, एक खासगी आणि एक सार्वजनिक) यांवर चालणाऱ्या सहीचं वर्णन केलं. नंतर घातलेल्या कलम ३ अ मुळे इतर पद्धतींनाही वाट मिळाली. मृत्युपत्र मात्र अमेरिकेच्या आणि भारताच्या या दोन्ही कायद्यांच्या कक्षेबाहेर आहे. ही यादी वकिलाला एकदा दाखवून घ्या. तिसऱ्या गटातल्या कागदांसाठी लागणारी पातळी जे सॉफ्टवेअर देत नाही, ते बाकी कितीही सोपं असलं तरी तिथेच बाजूला पडतं आणि पुढचा बराच वेळ वाचतो.

दुसरी पायरी: प्रमाणपत्रावर नाव कोणाचं येतं, ते विचारा

खरी डिजिटल सही कशी होते, हे थोडक्यात माहीत असलेलं बरं. सॉफ्टवेअर आधी संपूर्ण फाइलचा हॅश काढतं. त्यासाठी एसएचए-२५६ ही पद्धत वापरली तर फाइल एक पानाची असो वा हजार पानांची, हॅश २५६ बिटांचाच येतो, म्हणजे लिहायला गेलं तर ६४ अक्षरं. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी तो ओळखू येणार नाही इतका बदलतो. या हॅशवर सही करणाऱ्याच्या खासगी कळीने प्रक्रिया होते आणि जोडीला त्याचं प्रमाणपत्र लावलं जातं. ती खासगी कळ ज्या सार्वजनिक कळीची जोडीदार आहे ती अमुक माणसाची आहे, असं प्रमाणन संस्थेने दिलेलं वचन म्हणजे हे प्रमाणपत्र.

बाजारात मिळणारी बरीच सॉफ्टवेअर्स हे सगळं करतात, पण सही करणाऱ्याच्या नावाने करत नाहीत. तुम्ही सहीचं चित्र चिकटवता आणि सेवा देणारी कंपनी पूर्ण झालेल्या फाइलवर स्वतःच्या प्रमाणपत्राने सील लावते. अशा फाइलमधून दोनच गोष्टी सिद्ध होतात: कंपनीने ती अमुक वेळी बंद केली आणि त्यानंतर ती बदललेली नाही. सही करणारा कोण होता, हे फक्त सोबतच्या ऑडिट ट्रेलमधून, म्हणजे कागदाचं कधी काय झालं याच्या नोंदवहीतून, कळतं; म्हणजे पुन्हा कंपनीच्याच नोंदीवर विसंबावं लागतं. रोजच्या पहिल्या गटातल्या कागदांसाठी ही पद्धत पुरते, आणि स्वस्तही पडते. पण मोठ्या करारासाठी प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या व्यक्तीचं नाव हवं. म्हणून विक्रेत्याला सरळ विचारा: 'फाइलमधल्या प्रमाणपत्रावर कोणाचं नाव येतं, आमच्या माणसाचं की तुमच्या कंपनीचं?' 'आमची सही कायदेशीर आहे' एवढंच उत्तर आलं, तर प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही असं समजा.

तिसरी पायरी: चाचणीची फाइल घ्या आणि बिघडवून बघा

संपूर्ण निवडीत सर्वाधिक वेळ इथे द्या. जवळजवळ सगळे विक्रेते काही दिवसांची मोफत चाचणी देतात. एक नकली करार तयार करा. त्यात एक रक्कम आणि एक तारीख असू द्या. दोन सहकाऱ्यांकडून त्यावर पाठोपाठ सह्या करून घ्या आणि तयार फाइल स्वतःच्या संगणकावर उतरवा. यापुढे विक्रेत्याच्या वेबसाइटवर जायचं नाही. 'आमच्या पोर्टलवर तपासा' ही पडताळणी नव्हेच, कारण पोर्टल बंद झालं की पुरावाही गेला.

ही फाइल ब्राउझरमध्ये उघडली तर बहुधा काहीच कळणार नाही, कारण बहुतेक ब्राउझर पीडीएफ नुसती दाखवतात, सही तपासत नाहीत. ती अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडा आणि सह्यांचं पॅनल बघा. नंतर अगदी वेगळ्या घरच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये उघडा; ओक्युलर हा मोफत रीडर चालेल, किंवा युरोपीय आयोगाने मोफत खुलं केलेलं डीएसएस नावाचं तपासणीचं साधन. प्रत्येक ठिकाणी सहीच्या तपशिलात शिरा: प्रमाणपत्र कोणाच्या नावे, दिलं कोणी, हॅश कोणता वापरला, वेळ कुठून आली. 'सही करणाऱ्याच्या संगणकाच्या घड्याळानुसार' असं दिसलं, तर त्या वेळेला फारसं मोल नाही. घड्याळ मागे करायला कोणाला काय लागतं?

पॅनलमध्ये पिवळी खूण आली तर लगेच घाबरू नका. 'ओळखीची खात्री नाही' आणि 'सहीनंतर कागद बदलला' हे दोन अगदी वेगळे निरोप आहेत. पहिल्याचा अर्थ एवढाच, की प्रमाणन संस्था त्या रीडरच्या विश्वासू यादीत नाही. अ‍ॅडोबीची स्वतःची अशी यादी आहे आणि युरोपीय देशांच्या अधिकृत याद्याही आहेत. संस्था यादीत नसेल, तर तिचं मूळ प्रमाणपत्र तिच्या अधिकृत ठिकाणाहून आणून, त्याचा ठसा (प्रमाणपत्राचा हॅश) जुळवून, आयटी खात्यानेच सगळ्या संगणकांवर बसवावं. 'विश्वास ठेवा' हे बटण दाबायची सवय कर्मचाऱ्यांना लागली, तर उद्या कोणी बनावट प्रमाणपत्र पाठवलं तरी ते तेच बटण दाबतील.

आता फाइलची एक प्रत काढून तिच्यात फेरफार करा. पीडीएफ एडिटरमध्ये रक्कम बदला, जतन करा आणि रीडरमध्ये उघडा. पॅनलने स्पष्ट सांगायला हवं, की सहीनंतर मजकूर बदलला आहे. मग दुसऱ्या प्रतीवर नुसती टिप्पणी टाकून बघा. इथे निरोप सौम्य असू शकतो, कारण काही बदलांना मुभा देऊनच सही केलेली असते. तिसरी प्रत 'प्रिंट टू पीडीएफ' करून नवी फाइल बनवा. ती उघडली की पॅनल रिकामं दिसेल, एकही सही नसेल, आणि पानावर मात्र दोघांच्या सह्यांची चित्रं जशीच्या तशी. ही तिसरी फाइल हिशेब आणि मनुष्यबळ खात्यातल्या लोकांना आवर्जून दाखवा. पानावर उमटलेलं चित्र म्हणजे सही नव्हे, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की वेगळं शिकवावं लागत नाही.

दोन सह्यांच्या फाइलमध्ये आणखी एक गोष्ट तपासा. पीडीएफमध्ये दुसरी सही होते तेव्हा जुना भाग तसाच ठेवून नवा भाग शेवटी जोडला जातो. त्यामुळे पहिल्या माणसाने नेमकी कोणती आवृत्ती पाहून सही केली, ती पॅनलमधून वेगळी उघडता आली पाहिजे. ती आणि अंतिम प्रत शेजारी ठेवून वाचा. पहिली सही झाल्यानंतर दुसऱ्याला रिकामे रकाने भरता येत असतील, तर कोणते रकाने खुले राहतील हे कागद पाठवणाऱ्याने आधीच ठरवून कुलूपबंद करण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये हवी.

फक्त हिरव्या खुणेवर का भागत नाही, याचं कारण एका संशोधनातून दिसतं. जर्मनीतल्या बोखुमच्या रुर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं, की तपासलेल्या २२ पैकी २१ डेस्कटॉप रीडरमध्ये सही शाबूत असल्याचा आभास देऊन बदललेला मजकूर दाखवता येत होता. त्यातल्या एका प्रकारात फाइलच्या शेवटी नवा भाग जोडण्याच्या याच सोयीचा गैरवापर होता. पुढे त्याच विद्यापीठातून 'शॅडो' हल्ले समोर आले. त्यांत सहीआधीच कागदात लपवलेला मजकूर सहीनंतर वर आणला जातो. रीडर बनवणाऱ्यांनी दुरुस्त्या केल्या, पण त्यांचा उपयोग अद्ययावत रीडर वापरणाऱ्यालाच. कार्यालयात पाच वर्षांपूर्वीचा रीडर चालू असेल, तर सहीचं सॉफ्टवेअर बदलण्याआधी तो बदला.

चौथी पायरी: खासगी कळ कुठे राहते?

तीन जागा असतात: माणसाच्या संगणकावर साधी फाइल म्हणून, यूएसबी टोकनमध्ये, किंवा सेवा देणाऱ्याच्या एचएसएम या सुरक्षित यंत्रात. पहिली जागा महत्त्वाच्या कागदांसाठी नाकारा. फाइलची नक्कल निघते आणि नक्कल निघाल्याचं कोणाला कळतही नाही. टोकन आणि एचएसएम यांतून कळ बाहेर काढता येत नाही, प्रक्रिया आतच होते. त्यांच्यासाठी एफआयपीएस या अमेरिकी सरकारी मानकांपैकी १४०-२ किंवा त्याची पुढची आवृत्ती १४०-३ यांचं प्रमाणन मागा, आणि प्रमाणपत्रावरचा मॉडेल क्रमांक तुम्हाला मिळणाऱ्या यंत्राशी जुळतो का ते बघा.

प्रमाणित यंत्रातही दोष निघू शकतो. २०१७ मध्ये एका नामांकित उत्पादकाच्या चिपमध्ये आरएसए या प्रकारची कळ तयार करण्याची पद्धत कच्ची असल्याचं उघड झालं. एस्टोनियाला साडेसात लाखांच्या आसपास ओळखपत्रांवरची प्रमाणपत्रं थांबवून नवी द्यावी लागली. म्हणून विक्रेत्याला विचारण्याचा खरा प्रश्न हा: असं काही निघालं तर आमच्या सगळ्यांच्या कळी किती वेळात बदलून द्याल आणि तोपर्यंत आमचं काम कसं चालेल?

आणि टोकन वापरणार असाल तर एक सवय पहिल्या दिवशीच मोडायला हवी. साहेबांचं टोकन हिशेबनिसाच्या ड्रॉवरमध्ये आणि पिन त्याच्या वहीत, असं कितीतरी कार्यालयांत चालतं. कामं पटापट होतात हे खरं. पण त्या दिवसापासून त्या सहीचा अर्थच संपतो: साहेबांनी केली नाही हे खरं असलं तरी नाकारता येत नाही, आणि हिशेबनिसावर त्याने न केलेल्या व्यवहाराचाही संशय येऊ शकतो. कामाचा भार वाटायचा असेल, तर त्या माणसाला त्याच्याच नावाचं प्रमाणपत्र आणि लेखी अधिकार द्या. किती रकमेपर्यंत कोण सही करू शकतो, ही मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये घालता येते का, हेही याच वेळी विचारा.

पाचवी पायरी: समोरचा माणूस तोच आहे, हे कसं ठरतं

बाहेरच्या माणसाला सहीची लिंक ईमेलने जाते. नुसत्या लिंकवर सही होत असेल, तर तो मेलबॉक्स ज्याच्या हाती त्याची सही, एवढाच त्याचा अर्थ. फोनवर ओटीपी आला की एक पायरी वर चढलो, पण सिम दुसऱ्याच्या नावावर वळवून घेणारे असतातच. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या ओळख-मार्गदर्शकातही एसएमएसचा मार्ग बंधनं घालूनच ठेवला आहे. मोठ्या करारासाठी सरकारी ओळखपत्राची किंवा बँकेमार्फत होणारी पडताळणी जोडता यायला हवी. प्रत्येक कागदासाठी ही पातळी वेगळी ठेवता येते का, ते बघा. रजेच्या अर्जाला ओळखपत्र मागणारं सॉफ्टवेअर लोक टाळायलाच लागतात.

आपल्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळा पासवर्ड नको. कंपनीच्या एकाच लॉगिनने आत जाता यावं आणि माणूस नोकरी सोडेल त्या दिवशी त्याचा प्रवेश आपोआप बंद व्हावा. अ‍ॅडमिन खात्यांना पासवर्डऐवजी पासकी (फोन किंवा संगणकात साठवलेली लॉगिनची कळ) किंवा हार्डवेअर की (तेच काम करणारं छोटं उपकरण) सक्तीची करा.

ऑडिट ट्रेलची एक चाचणी मी नेहमी सुचवतो. कागद पाठवल्यानंतर अ‍ॅडमिन म्हणून सही करणाऱ्याचा ईमेल पत्ता बदला आणि नंतर ट्रेल वाचा. पत्ता कोणी, कधी, कोणता काढून कोणता घातला, हे सगळं तिथे दिसलं पाहिजे. दिसलं नाही, तर आतल्या माणसाला फसवणूक करायला दार उघडं आहे. कागद कधी उघडला, ओळख कशी पटवली, आयपी पत्ता, वेळ आणि तिचा टाइमझोन, कागदाचा हॅश या नोंदीही हव्यात, आणि ट्रेलच्या फाइललाही डिजिटल सील हवं.

सहावी पायरी: दहा वर्षांनी काय?

प्रमाणपत्राची मुदत साधारण एक ते तीन वर्षांची असते. करार त्याहून कितीतरी जास्त जगतात. मुदत संपल्यावर सही तपासायची, तर ती प्रमाणपत्र चालू असतानाच झाली होती याचा पुरावा फाइलमध्येच हवा. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: तिसऱ्या, स्वतंत्र संस्थेचा आरएफसी ३१६१ या मानक पद्धतीचा टाइमस्टॅम्प (वेळेचा सहीबंद शिक्का), आणि सहीच्या वेळी प्रमाणपत्र रद्द झालेलं नव्हतं हे दाखवणारी माहिती. पीडीएफसाठीच्या पॅडेस या युरोपीय मानकात याच्या पातळ्या ठरलेल्या आहेत: बी, टी, एलटी, एलटीए. टी मध्ये टाइमस्टॅम्प येतो, एलटी मध्ये रद्दबातलची माहिती, आणि एलटीए मध्ये या सगळ्यावर पुन्हा टाइमस्टॅम्प, जो काही वर्षांनी नव्याने घालता येतो. दीर्घ मुदतीच्या करारांसाठी एलटीए मागा. तो नसेल तर निदान एलटी.

ही काळजी अवाजवी नाही. डिजिनोटार या डच प्रमाणन संस्थेत २०११ मध्ये घुसखोरी झाली, पाचशेहून अधिक बनावट प्रमाणपत्रं निघाली, आणि त्याच वर्षी संस्था दिवाळखोरीत गेली. २०१७ मध्ये गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने वेगवेगळा मजकूर पण एसएचए-१ या जुन्या पद्धतीचा एकच हॅश असलेल्या दोन पीडीएफ जगापुढे ठेवल्या. त्यामुळे आज एसएचए-१ ने सही करणारं सॉफ्टवेअर घ्यायचा प्रश्नच नाही. आरएसए असेल तर कळ किमान २०४८ बिटांची हवी. क्वांटम संगणकापुढे टिकावीत अशा सहीच्या पद्धतींची मानकं एनआयएसटीने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केली, एफआयपीएस २०४ आणि २०५. त्या आजच वापरात हव्यात असा हट्ट नको, पण विक्रेत्याकडे त्या दिशेने जाण्याचा आराखडा आहे का, एवढं विचारा.

सातवी पायरी: विक्रेत्याचीही तपासणी

आयएसओ २७००१ चं प्रमाणपत्र आणि सॉक २ टाइप २ चा अहवाल, हे माहितीच्या सुरक्षेच्या तपासणीचे कागद मागा आणि त्यांची व्याप्ती वाचा. कधीकधी प्रमाणन मुख्य कार्यालयाचं असतं आणि तुम्ही घेत असलेल्या सेवेचं त्यात नावही नसतं. फाइल्स कोणत्या देशातल्या सर्व्हरवर राहतात, मिटवल्यावर बॅकअपमधून कधी जातात, हे करारात लिहून घ्या.

ड्रॉपबॉक्स साइन या सहीच्या सेवेत २०२४ च्या एप्रिलमध्ये लक्षात आलेली घुसखोरी याच संदर्भात अभ्यासण्यासारखी आहे. ग्राहकांचे ईमेल पत्ते, हॅश केलेले पासवर्ड आणि एपीआय कळी (दुसऱ्या प्रोग्रॅमला त्या सेवेत प्रवेश देणारे गुप्त संकेत) उघड झाल्या. खातं न काढता फक्त एखाद्या कागदावर सही केलेल्या लोकांची नावं आणि ईमेलही त्यात होते. कागदांच्या मजकुरापर्यंत कोणी पोचल्याचा पुरावा मिळाला नाही, असं कंपनीने सांगितलं. यातून करायच्या दोन गोष्टी: एपीआय कळी प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये लिहून न ठेवता वेगळ्या सुरक्षित तिजोरीत ठेवून ठराविक काळाने बदला, आणि सही झालेला कागद स्वतःकडे उतरवून झाला की विक्रेत्याच्या सर्व्हरवरून काढून टाकण्याची मुदत ठरवा.

सहीच्या निमंत्रणाच्या नावाने फसवे मेलही भरपूर येतात, कारण 'इथे क्लिक करून सही करा' हे लोकांच्या अंगवळणी पडलेलं असतं. कंपनीची निमंत्रणं कोणत्या पत्त्यावरून येतील हे सगळ्यांना आधी कळवा. शंका आली तर मेलमधल्या लिंकवर न जाता थेट खात्यात लॉगिन करून कागद बघायचा, हा नियम पहिल्याच आठवड्यात घालून द्या.

आठवी पायरी: बाहेर पडण्याची वाट आधी बघा

करारावर सही करण्यापूर्वी शंभरएक चाचणी-फाइल्स एकत्र उतरवून बघा. प्रत्येक फाइलसोबत तिचा ऑडिट ट्रेल येतो का, नावं ओळखू येण्यासारखी आहेत का, की नुसत्या क्रमांकांचा ढीग येतो? सेवा बंद केल्यावर फाइल्स किती दिवस मिळतील, हे आकड्यात लिहून घ्या. 'वाजवी काळ' हा शब्द करारात असेल तर तो खोडायला सांगा.

सुरुवात एकाच खात्यापासून आणि एकाच प्रकारच्या कागदापासून करा. मनुष्यबळ खात्याची पोचपत्रं त्याला बरी. अडचण आली तर नुकसान छोटं असतं. ते सुरळीत झालं की दुसऱ्या गटातले करार आणा.

त्यानंतर वर्षातून एकदा, विक्रेत्याचं खातं नसलेल्या संगणकावर, जुन्या करारांतले मोजके उचलून वेगळ्या रीडरमध्ये तपासा. पहिल्या वर्षीच्या करारांपासून सुरू करा, कारण प्रमाणपत्रांची मुदत आधी त्यांचीच संपते. ज्यांच्या टाइमस्टॅम्पच्या प्रमाणपत्राची मुदत जवळ आली असेल, त्यांवर ती संपण्याआधी नवा टाइमस्टॅम्प घाला. हे काम कोणाचं आणि कोणत्या महिन्यात, ते एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा, आणि तो माणूस बदलला की कामाच्या हस्तांतराच्या यादीत हे कलम येऊ द्या.